फ्लेव्होनॉइडला औषध म्हणण्याआधी

२०२४ साली ठाण्यातल्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाटा हॉस्पिटल दोनदा गाजलं. फेब्रुवारीत बातमी आली, की टाटा मेमोरियलच्या शास्त्रज्ञांनी कॅन्सर उलटू नये म्हणून शंभर रुपयांची गोळी तयार केली आहे. द्राक्षाच्या सालीत सापडणारं रेस्व्हेराट्रॉल आणि सोबत थोडं तांबं. संशोधन आपल्या शेजारचंच, खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या टाटाच्या संशोधन केंद्रातलं, म्हणून कौतुक दुप्पट. मग नोव्हेंबरात माजी क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू यांनी पत्रकार परिषदेत पत्नीच्या चौथ्या टप्प्यातल्या कॅन्सरविषयी सांगताना लिंबूपाणी, कच्ची हळद, कडुनिंब, तुळस अशा आहाराला मोठं श्रेय दिलं. त्यावर टाटाच्या २६२ आजी-माजी कर्करोगतज्ज्ञांनी पत्रक काढलं, की याला पुरावा नाही, कुणीही उपचार थांबवू नका. आहार डॉक्टरांच्या उपचारांच्या जोडीने होता, असं सिद्धूंनीही पुढे स्पष्ट केलं, पण तोवर व्हिडिओ घरोघरी पोचला होता. फेब्रुवारीत ज्यांनी "बघा, टाटासुद्धा म्हणतंय" असं लिहिलं होतं, तेच नोव्हेंबरात "डॉक्टरांचा धंदा बुडेल ना" म्हणू लागले. आणि दुसऱ्या बाजूची शिकलीसवरलेली मंडळी "झाडपाला म्हणजे शुद्ध थोतांड" एवढं एक वाक्य टाकून मोकळी झाली.

मी तीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, आणि या भांडणात मला दोन्हीकडच्यांचा राग येतो. माझं म्हणणं आधीच सांगते. वनस्पतींतल्या फ्लेव्होनॉइडांमधून उद्या कॅन्सरची औषधं निघू शकतात, आणि ती निघावीत म्हणून सरकारने पैसा घातला पाहिजे. पण आज आपल्या देशात एकाही फ्लेव्होनॉइडला कॅन्सरचं औषध म्हणून मान्यता नाही, आणि चाचणी पार करण्याआधीच त्याची बाटली रुग्णाच्या हातात देणं हा अपराध आहे. ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत. भांडणाऱ्यांना त्यातलं एकेकच ऐकू येतं.

फ्लेव्होनॉइड म्हणजे परकं काही नाही. कांद्यातलं क्वेर्सेटिन, जांभळाला आणि कोकमाला रंग देणारी अँथोसायनिनं, संत्र्याच्या सालीतलं हेस्पेरिडिन, सोयाबीनमधलं जेनिस्टीन, हिरव्या चहातलं ईजीसीजी, ही सगळी त्याच कुळातली. झाड ती स्वतःसाठी बनवतं, उन्हापासून, किडीपासून, बुरशीपासून बचाव म्हणून. हळदीतलं कर्क्युमिन आणि द्राक्षातलं रेस्व्हेराट्रॉल ही त्यांची चुलत भावंडं, पण रसायनाच्या हिशेबाने फ्लेव्होनॉइड नव्हेत. ग्रुपवर सगळं एकाच पिशवीत भरलं जातं. या कुळाला औषधाचा मान कधी मिळालाच नाही, असंही नाही. मूळव्याधीसाठी डॉक्टर लिहून देतात त्या डायोस्मिन-हेस्पेरिडिनच्या गोळ्या फ्लेव्होनॉइडच्याच. २००६ साली अमेरिकेने हिरव्या चहातल्या कॅटेचिनांचं मलम एका प्रकारच्या चामखिळींसाठी मंजूर केलं. आणि चीनने जानेवारी २०२२ मध्ये इकॅरिटिन नावाच्या फ्लेव्होनॉइडला यकृताच्या वाढलेल्या कॅन्सरसाठी सशर्त मान्यता दिली. तेव्हा थोतांड म्हणणाऱ्यांनी हे आधी वाचावं. आणि बाटली विकणाऱ्यांनीही वाचावं, कारण इकॅरिटिनला मान्यता मिळाली ती शुद्ध केलेल्या रेणूला, ठरलेल्या मात्रेला, आणि रक्ताच्या ठरावीक तपासण्यांत बसणाऱ्या रुग्णांपुरती. ते ज्या वनस्पतीतून येतं तिचा काढा प्यायला कुणी सांगितलं नाही.

झाडपाल्याच्या बाजूने सगळ्यात वजनदार मुद्दा येतो तो असा, की केमोची निम्मी औषधं झाडांतूनच तर आली. निम्मी हा आकडा सोडून द्या, पण मुद्दा खरा आहे. नौपाड्यातल्या कुठल्याही बाल्कनीत कुंडीत फुललेली सदाफुली बघा. लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये आजही दिलं जाणारं व्हिन्क्रिस्टीन तिचंच. नंदुरबारला जन्मलेले डॉ. मनसुख वाणी यांनी मन्रो वॉल यांच्यासोबत अमेरिकेत यू वृक्षाच्या सालीतून टॅक्सॉल वेगळं केलं, १९७१ साली त्याची रचना प्रसिद्ध केली. स्तनाच्या आणि बीजांडकोशाच्या कॅन्सरवर किती बायकांना त्याने वर्षं मिळवून दिली, त्याची गणतीच नाही. याच जोडीने १९६६ साली एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन काढलं, जे आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या नावाच्या झाडातही भरपूर असतं. म्हणूनच नरक्याची चोरटी तोड होते आणि वनखात्याला पहारा द्यावा लागतो.

पण याच कॅम्प्टोथेसिनचं पुढे काय झालं? सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ते माणसांना देऊन पाहिलं, तर रुग्णांच्या मूत्राशयातून रक्तस्राव व्हायला लागला. चाचण्या बंद पडल्या. १९८५ साली कळलं, की हा रेणू पेशीतल्या एका विशिष्ट विकराला (एन्झाइमला) पकडतो. मग रसायनशास्त्रज्ञांनी त्याची बांधणी थोडी बदलली, आणि १९९६ साली टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही दोन औषधं बाजारात आली. झाड ते सलाईन हा प्रवास तीस वर्षांचा. सदाफुलीचंही तेच. शेकडो किलो वाळलेल्या पानांतून हाती लागायचं ते एखाद्या ग्रॅमच्या हिशेबात. मधुमेहासाठी सकाळी चार फुलं चावून खाणाऱ्याला त्यातून व्हिन्क्रिस्टीनचा डोस मिळत नाही. आणि हे रेणू अल्कलॉइड आणि टर्पीन कुळातले आहेत. सदाफुलीचं यश कांद्याच्या खात्यावर जमा करता येत नाही.

"पण प्रयोगशाळेत सिद्ध झालंय ना?" हो, झालंय. क्वेर्सेटिन, एपिजेनिन, ल्युटिओलिन, कुठलंही घ्या, काचेच्या बशीत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशी त्याने मरतात, त्यांची वाढ खुंटते, हे शेकडो शोधनिबंधांत छापून आलं आहे आणि ते खोटं नाही. प्रश्न मात्रेचा आहे. बशीत जेवढं ओततात त्याच्या दहावा, पन्नासावा भागही पोटातून रक्तात पोचत नाही. आतडं आणि यकृत या रेणूंना पाहुणे समजत नाहीत, घुसखोर समजतात. त्यांना साखरेची किंवा गंधकाची शेपटी जोडून काही तासांत बाहेर काढतात. रक्तात जे फिरतं ते बशीत ओतलेलं क्वेर्सेटिन राहिलेलंच नसतं. मग बशीतला निकाल शरीराला कसा लावायचा? वर्गात मी मुलांना सांगायचे, नुसतं मिठाचं पाणी पुरेसं दाट केलं तरी बशीतल्या पेशी मरतात, म्हणून कुणी मिठाला कॅन्सरचं औषध म्हणत नाही.

यावरचं सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण आपल्या दाराशी घडलं, आणि ठाण्यातल्या कुणालाच ते माहीत नसतं याचं मला वाईट वाटतं. ठाण्याहून सीएसएमटीकडे निघालं की पहिलं स्टेशन मुलुंड. तिथे हेक्स्ट कंपनीची संशोधन प्रयोगशाळा होती. पश्चिम घाटात वाढणाऱ्या एका झाडात तिथल्या रसायनशास्त्रज्ञांना रोहितुकीन हा रेणू सापडला. हे नाव आयुर्वेदातल्या रोहितक वृक्षावरून आलेलं. त्यावर काम करून त्यांनी फ्लेव्होपिरिडॉल घडवलं, नावाप्रमाणेच फ्लेव्होनॉइड घराण्यातलं. पेशीला विभाजनाचा हुकूम देणाऱ्या विकरांना ते रोखतं, आणि अशा प्रकारच्या औषधांत माणसावर चाचणीला उतरलेलं ते जगातलं पहिलं. नव्वदच्या दशकात केवढी आशा होती त्याच्याभोवती! बशीत ते अत्यल्प मात्रेत काम करायचं. म्हणून रुग्णांना तीन-तीन दिवस संथ सलाईनने दिलं, रक्तात तेवढी मात्रा टिकवली, आणि फारसं काही झालं नाही. का झालं नाही? कारण बशीत पेशी वाढवतात त्या वासराच्या रक्तद्रवात, आणि माणसाच्या रक्तातली प्रथिनं या औषधाला कितीतरी घट्ट धरून ठेवतात. वासराच्या द्रवात मोकळा फिरणारा रेणू माणसात बांधला गेला.

गोष्ट इथे संपली असती. पण अमेरिकेतल्या डॉक्टरांनी हिशेब पुन्हा मांडला. आधी अर्ध्या तासात मोठा डोस, मग चार तास सलाईन. २००७ साली त्यांनी दाखवलं, की दुसरं काहीच लागू पडत नसलेल्या एका रक्ताच्या कॅन्सरमध्ये गाठी विरघळायला लागल्या. इतक्या झपाट्याने, की मेलेल्या पेशींचा लोंढा मूत्रपिंडांना झेपेना आणि काहींना डायलिसिसवर घ्यावं लागलं. म्हणजे तोच रेणू, तेच झाड, तोच आजार. देण्याची पद्धत बदलल्यावर निरुपयोगीचं प्रभावी झालं, आणि प्रभावी झाल्याबरोबर जीवघेणंही. आजही त्याला कॅन्सरसाठी मान्यता मिळालेली नाही. अनेक वर्षं, अनेक देश, शेकडो रुग्ण आणि तज्ज्ञांची फौज लागूनही जे अजून पूर्ण साधलं नाही, ते बाटलीवरच्या "दिवसातून दोनदा, अनशापोटी" या सूचनेने साधेल, असं कुठल्या तोंडाने म्हणायचं?

"नैसर्गिक आहे, फायदा झाला नाही तरी तोटा काय?" या वाक्याची मला सगळ्यात जास्त भीती वाटते. चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायात म्हटलं आहे, की जालीम विषही नीट योजलं तर उत्तम औषध होतं आणि औषध चुकीचं योजलं तर जालीम विष. आयुर्वेदाचा अभिमान सांगणाऱ्यांनी एवढं तरी पाळावं. क्वेर्सेटिन शिरेतून देण्याची चाचणी इंग्लंडमध्ये झाली, १९९६ साली तिचे निकाल आले. मात्रा वाढवली तशी मूत्रपिंडांना इजा व्हायला लागली. ईजीसीजी हे मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरवरच्या बोर्टेझोमिब या औषधाला जाऊन चिकटतं आणि औषधाचा परिणामच पुसून टाकतं, हे २००९ साली पेशींत आणि उंदरांत दिसलं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितलं, की गोळ्यांतून रोज ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी पोटात गेलं तर यकृताला त्रास होत असल्याच्या खुणा रक्तात दिसतात. कपभर चहाची ही गोष्ट नाही, कॅप्सूलची आहे. आणि बीटा-कॅरोटीन आठवतंय? गाजरातलं, अगदी निरुपद्रवी. फिनलंडमध्ये २९,१३३ सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली, १९९४ साली निकाल आला, आणि गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त निघाला. भाज्या-फळं खाणाऱ्यांत कॅन्सर कमी दिसतो हे खरं असूनही, त्यातला एक रेणू उपटून गोळीत भरला की उलटं होऊ शकतं.

हे मी घरात पाहिलं आहे. माझी कळव्याची मावशी स्तनाच्या कॅन्सरसाठी केमो घेत होती. तिसऱ्या सायकलआधी एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाल्याचं दाखवणारा रक्तातला आकडा, चौपट वाढलेलं आलं. डॉक्टरांनी विचारलं, "काकू, आमच्या गोळ्यांशिवाय आणखी काय घेता?" मावशी म्हणाली, "काही नाही." मी शेजारी बसले होते आणि मला ते खरं वाटलं. केमो पुढे ढकलली गेली. त्या रात्री तिच्या फ्रीजचं दार उघडलं, तर अंड्यांच्या खणात चार बाटल्या: हिरव्या चहाच्या अर्काच्या कॅप्सूल, हळदीच्या गोळ्या, लक्ष्मणफळाच्या पानांची पूड आणि लेबल नसलेला एक काळपट काढा. "तू ओरडशील म्हणून नाही सांगितलं," ती म्हणाली. "आणि ते डॉक्टर तर हसतील गं." कॅप्सूल बंद झाल्या, आकडे उतरले, पण केमोचे तीन आठवडे गेले ते गेलेच. तिला त्या बाटल्या देणारा माणूस वाईट नव्हता. जांभळी नाक्यावर किराण्याच्या रांगेत भेटलेला ओळखीचा, स्वतःची बायको गमावलेला, मनापासून मदत करणारा. म्हणूनच त्याला नाही म्हणणं तिला जड गेलं.

मावशीचं "हसतील" हे वाक्य मला अजून टोचतं. झाडपाल्याला थोतांड म्हणून झिडकारणाऱ्यांचा दोष इथे आहे. रुग्ण बाटलीकडे वळतो तो अडाणीपणाने नाही. केस गळलेले, तोंडात फोड, वरणभातही गिळवत नाही, घरातलं सोनं गहाण, आणि ओपीडीत वाट्याला येतात पाच मिनिटं. अशा वेळी "हे आपल्या परसातलं आहे, तुम्ही स्वतः करू शकता" असं सांगणारा त्याला माणसासारखा वागवतो. त्याला हसून वाटेला लावलं तर बाटली फेकली जात नाही, लपवली जाते. आणि लपवलेल्या बाटलीचा हिशेब कुठल्याच फाईलमध्ये येत नाही.

पुढचा मुद्दा पेटंटचा. कांद्याचं पेटंट मिळत नाही, मग कंपनी कशाला पैसे घालेल, म्हणून हे मुद्दाम दाबलं जातं, असं म्हणतात. यातला अर्धा भाग मला मान्य आहे. नफ्याच्या वाटेवर नसलेल्या रेणूंकडे कंपन्या बघत नाहीत. पण दाबलं जातं म्हणणाऱ्यांनी लिग्नोकेनची चाचणी बघावी. दात काढताना भूल देतात तेच हे साधं औषध, स्वस्त, पेटंट केव्हाच संपलेलं. स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनआधी गाठीभोवती ते टोचलं तर फरक पडतो का, हे टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने भारतातल्या ११ केंद्रांनी सुमारे १६०० स्त्रियांवर तपासलं. २०२३ साली निकाल छापून आला: पाच वर्षांनी कॅन्सर न उलटता जगणाऱ्या स्त्रिया ८२.६ टक्क्यांवरून ८६.६ टक्क्यांवर. कुठल्याही कंपनीला यातून काही मिळायचं नव्हतं. तरी चाचणी झाली, जगाने वाचली. आणि फ्लेव्होनॉइडांचं म्हणाल, तर कोकोतल्या फ्लॅव्हनॉलची अमेरिकेत २१,४४२ माणसांवर चाचणी झाली, तिला मार्स या चॉकलेट कंपनीनेच मोठं पाठबळ दिलं होतं. २०२२ साली निकाल आला, कॅन्सर कमी झाला नाही. साडेतीन वर्षांचा काळ कॅन्सरसाठी थोडा आहे, हा आक्षेप रास्त. मग आणखी लांब चाचणी मागा. कटाची गोष्ट कशाला?

फ्लेव्होनॉइडांबद्दल असा उत्साह पहिल्यांदाच उसळला आहे, असंही नाही. सी जीवनसत्त्वावर काम करणारे अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांना १९३६ मध्ये वाटलं, की लिंबाच्या अर्कातल्या फ्लेव्होनॉइडांमुळे केशवाहिन्यांतून होणारा रक्तस्राव थांबतो. त्यांनी त्याला पी जीवनसत्त्व म्हटलं. पुढच्याच वर्षी त्यांना नोबेल मिळालं. एवढ्या मोठ्या माणसाचं म्हणणं, तरी पुढच्या तपासण्यांत ते जीवनसत्त्व म्हणून टिकलं नाही, आणि १९५०च्या सुमारास नाव मागे घेतलं गेलं. त्यात कुणाची बेअब्रू झाली नाही. बेअब्रू झाली ती लॅट्रिलवाल्यांची. जर्दाळूच्या बियांतला हा पदार्थ सत्तरच्या दशकात अमेरिकेत "दडपलेलं कॅन्सरचं औषध" म्हणून एवढा गाजला, की शेवटी सरकारला चाचणी घ्यावी लागली. १९८२ साली १७८ रुग्णांचा निकाल आला. फायदा शून्य, आणि काहींच्या रक्तात सायनाइड विषारी पातळीजवळ. नुसत्या पर्यायी उपचारांवर राहिलेल्यांचं काय होतं, हे येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली मोजलं. बऱ्या होऊ शकणाऱ्या कॅन्सरमध्ये मृत्यूचा धोका अडीचपट, स्तनाच्या कॅन्सरमध्ये साडेपाच पटींहून जास्त. मावशीच्या शेजारणीला हा आकडा वाचून दाखवला, तेव्हा ती म्हणाली, हे आम्हाला कुणी आधी का नाही सांगितलं.

खारघरच्या गोळीकडेही याच नजरेने बघायला हवं. त्या कामाचा बराचसा पुरावा उंदरांवरचा, माणसांवरचे अभ्यास लहान. कल्पना मात्र विलक्षण आहे. मरणाऱ्या पेशींतून सुटलेले गुणसूत्रांचे तुकडे निरोगी पेशींत शिरून बिघाड करतात, आणि रेस्व्हेराट्रॉल-तांब्याची जोडी ऑक्सिजनचे आक्रमक कण तयार करून ते नष्ट करते, असा तो विचार. म्हणजे "अँटिऑक्सिडंट म्हणून चांगलं" हा आपला पाठ झालेला मंत्र इथे नेमका उलटा पडतो. हे मोठ्या चाचणीत टिकलं तर ठाणे-पनवेल लोकलने फाईल घेऊन जाणाऱ्या प्रत्येक घराला त्याचा उपयोग होईल. टीव्हीवर शंभर रुपये हा आकडा आधी आणि मोठी चाचणी नंतर, हा क्रम मला खटकला.

म्हणून माझं मागणं सरळ आहे. नॅशनल कॅन्सर ग्रिडच्या रुग्णालयांचं जाळं देशभर आहे. आयुष मंत्रालयाने आणि राज्य सरकारने त्यातून पाच-सात निवडक वनस्पती-रेणूंच्या मोठ्या, नियंत्रित चाचण्यांना पैसा द्यावा, आणि निकाल नकारात्मक आला तरी तेवढ्याच मोठ्या अक्षरांत जाहीर करावा. १९५४च्या चमत्कारी उपाय कायद्याने कॅन्सर बरा करण्याची जाहिरात गुन्हा आहे. तो कायदा रिक्षाच्या पाठीवरच्या पोस्टरला आणि मोबाइलवरच्या व्हिडिओला सारखाच लागू करावा. आणि प्रत्येक केमो वॉर्डात "आणखी काय घेता?" हा प्रश्न छापील फॉर्मवर असावा, न हसता विचारलेला.

मावशी चौथ्या सायकलला गेली तेव्हा मी सगळ्या बाटल्या पिशवीत भरून तिच्या हातात दिल्या. डॉक्टरांनी चष्मा लावून एकेक लेबल वाचलं. कॅप्सूल आणि पूड बाजूला काढली, काळपट काढ्याचा वास घेऊन तोही बाजूला ठेवला. हळद भाजीत घाला म्हणाले, गोळीतून नको. शेवटी पिशवीच्या तळाशी कोकमाच्या आगळाची बाटली निघाली, ती मावशीने तहान लागते म्हणून आणली होती. ती त्यांनी उजेडाकडे धरून पाहिली आणि परत तिच्या हातात दिली. "हे घ्या खुशाल. तोंडातले फोड झोंबले तर पातळ करा."